उजेडाचं रेशन

इंग्लंडमधल्या एखाद्या चारशे वर्षं जुन्या हवेलीत तुम्ही फिरता आहात. तासभर चालून पाय बोलायला लागलेत. समोर भरतकामाच्या गादीची देखणी खुर्ची आहे. भोवती दोरी नाही, पाटी नाही. टेकावं म्हणून तुम्ही वळता आणि दिसतं, गादीच्या मधोमध एक वाळकं, काटेरी बोंड ठेवलंय. बसायचा विचार तिथेच मावळतो.

हे बोंड टीझल नावाच्या रानझुडपाचं. त्याच्याच एका जातभाईची आकडेदार बोंडं पूर्वी लोकरीच्या कापडावर लव उठवायला वापरत. आज त्याला नवं काम मिळालंय, ते म्हणजे शब्दही न बोलता पाहुण्याला उभं ठेवायचं. काही घरांत हेच काम पाइनचं फळ करतं. मला ही युक्ती फार आवडते. ती कुणाला दरडावत नाही, कुणाचा अपमान करत नाही आणि तरीही कुणी तिचं ऐकल्याशिवाय राहत नाही.

सकाळी हे बोंड तिथे ठेवणारा माणूस बहुतेक वेळा बिनपगारी असतो. नॅशनल ट्रस्ट ही इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली जुनी घरं, बागा आणि समुद्रकिनारे सांभाळणारी संस्था. ती 1895 साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने आपली पहिली इमारत घेतली. अ‍ॅल्फ्रिस्टन गावातलं गवती छपराचं एक जुनं घर, किंमत 10 पौंड! आज संस्थेचे सभासद 50 लाखांच्या वर आहेत आणि स्वयंसेवक 40 हजारांच्या वर. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी परिचारिका, कुणी इतिहासाचा विद्यार्थी. आठवड्यातला एखादा दिवस ते एका घराला देतात.

परंपरेने ही मोठी घरं शरद संपता संपता बंद होतात आणि मार्चच्या सुमाराला पुन्हा उघडतात. काही आता वर्षभर थोडीफार खुली असतात, पण हिवाळा हा अजूनही मुख्यतः घराचा स्वतःचा वेळ. खिडक्यांची लाकडी दारं लागतात. प्रत्येक खुर्ची-पलंगाच्या मापाने शिवलेले अभ्रे चढतात. झुंबरांचे लोलक पुसले जातात, ग्रंथालयातली पुस्तकं एकेक करून खाली उतरवून झटकली जातात. मार्च आला की हे सगळं उलट्या क्रमाने. अभ्रे निघतात, घड्याळांना किल्ली दिली जाते, आणि नवे स्वयंसेवक हजर होतात.

त्यांना वाटत असतं, आता आपल्याला राजघराण्यांच्या वंशावळी पाठ करायला लावणार. त्याही येतात, पण आधी शिकायचं असतं खिडकी किती उघडायची ते.

हसू नका. या एका प्रश्नात रसायनशास्त्र आहे, डोळ्याचं शरीरशास्त्र आहे आणि एका अतिश्रीमंत बाईचा हट्टही आहे. तिच्यापासूनच सुरुवात करू.

डर्बीशर परगण्यातला हार्डविक हॉल बांधला एलिझाबेथ टॅलबट, श्रूजबरीची काउंटेस हिने. सगळं इंग्लंड तिला हार्डविकची बेस म्हणून ओळखतं. चार लग्नं झालेली, चारही वेळा विधवा झालेली आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा श्रीमंत होत गेलेली ही बाई 1590 साली, वयाच्या साठीनंतर, नवं घर बांधायला घेते. 1597 मध्ये ती राहायला आली. त्या काळी काच ही चैनीची वस्तू होती, आणि बेसने दर्शनी बाजूला भिंतीपेक्षा काचच जास्त लावली. कुणाचं घर आहे याबद्दल शंका नको म्हणून सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात आपली आद्याक्षरं कोरून घेतली. दुरून येणाऱ्याला टेकडीवर ती आजही वाचता येतात.

आणि या काचेच्या घरात तिने काय भरलं? कापड. भरतकाम, मखमल, रेशीम, आणि भिंतीच्या भिंती झाकणाऱ्या टॅपेस्ट्री, म्हणजे लोकर आणि रेशमात विणलेले प्रचंड चित्रपडदे. त्यातले सगळ्यांत मोठे गिडियनचे. बायबलमधल्या गिडियन नावाच्या वीराची गोष्ट सांगणारे 13 पडदे, प्रत्येक सुमारे 6 मीटर उंच आणि एकापुढे एक लावले तर 70 मीटरहून लांब. ते 1578 मध्ये राणी एलिझाबेथचा लाडका दरबारी क्रिस्टोफर हॅटन याच्यासाठी विणले गेले. हॅटन कर्ज मागे ठेवून वारला आणि बेसने 1592 मध्ये ते त्याच्या वारसाकडून विकत घेतले. पडद्यांवर हॅटनच्या घराण्याची चिन्हं होती, ती बदलायचा खर्च दाखवून तिने किंमतही कमी करून घेतली. मग हॅटनच्या चिन्हांवर स्वतःची रंगवलेली चिन्हं लावली, आणि त्याच्या हरिणीला शिंगं रंगवून आपल्या घराण्याचं नर हरीण केलं!

थोडक्यात, एकाच बाईने एका हाताने उजेड आत घेण्यासाठी घर बांधलं आणि दुसऱ्या हाताने ते उजेडाने मरणाऱ्या वस्तूंनी भरलं. गेली चारशे वर्षं या घराची सगळी देखभाल म्हणजे या दोन हातांमधला समझोता आहे.

उजेडाने कापड मरतं म्हणजे नेमकं काय होतं? शर्टावर हळदीचा डाग पडला की साबणाने जात नाही, पण उन्हात वाळत घातला की संध्याकाळपर्यंत फिका होतो, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. ऊन डाग धूत नाही. प्रकाशाचा कण हळदीच्या रंगरेणूवर आदळतो, हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने तो रेणू मोडतो, आणि मोडलेल्या रेणूला पिवळं दिसता येत नाही. डागाच्या बाबतीत ही सोय आहे. पण हाच प्रकार सोळाव्या शतकातल्या पडद्यावर घडला तर तो संहार आहे.

आता यातली गंमत बघा. त्या काळी युरोपातल्या रंगाऱ्यांकडे टिकाऊ हिरवा रंग जवळजवळ नव्हताच. ते लोकर आधी वोड नावाच्या वनस्पतीच्या निळ्यात बुडवत. तिच्यात तीच नीळ असते जी आपल्या निळीच्या झाडात असते. मग तीच लोकर वेल्ड नावाच्या रानरोपाच्या पिवळ्यात बुडवली की हिरवी होई. नीळ प्रकाशापुढे बऱ्यापैकी चिवट असते. पिवळा मात्र हळदीच्याच वाटेने जाणारा. शतकं उलटली, पिवळा उडून गेला, निळा उरला. म्हणून युरोपातल्या जुन्या टॅपेस्ट्रींमध्ये झाडं निळी दिसतात! निळं गवत, निळी जंगलं. बघणाऱ्याला वाटतं, विणकराची काही स्वप्नाळू कल्पना असेल. पण दुरुस्तीसाठी पडदा उतरवून मागचं अस्तर काढलं की त्या बाजूला हिरवीगार पानं सापडतात, विणकराने ठेवली तशीच.

हे नुकसान थांबवता येतं का? घर उघडं ठेवायचं असेल तर नाही. यातलं सगळ्यांत कठोर सत्य असं की प्रकाशाचा मार साठत जातो. थकलेलं माणूस झोपून ताजंतवानं होतं, रंग होत नाही. पाच महिने अंधारात ठेवलेला पडदा जिथे थांबला होता तिथूनच पुढे फिका होऊ लागतो. आणि हिशेब साध्या गुणाकाराचा आहे. 50 लक्स उजेड 10 तास पडला काय, किंवा 500 लक्स 1 तास पडला काय, नुकसान साधारण तेवढंच.

लक्स हे उजेड मोजायचं एकक. नाजूक कापडांसाठी संग्रहालयांनी मर्यादा धरली आहे ती सुमारे 50 लक्सची, आणि वर्षभराचा कोटा सुमारे दीड लाख लक्स-तासांचा. भर उन्हात बाहेर किती लक्स असतात? जवळजवळ 1 लाख. म्हणजे त्या पडद्याचा अख्ख्या वर्षाचा उजेड एका लख्ख दुपारी दीड तासात संपेल!

हे एकदा कळलं की हंगाम, वेळा, सुट्टीचे दिवस या सगळ्याकडे बघायची नजरच बदलते. घर किती तास उघडं ठेवायचं याचं उत्तर व्यवस्थापकाच्या मर्जीवर कमी आणि या गुणाकारावर जास्त ठरतं. पाहुण्यांसाठी इतके तास, झाडलोटीसाठी इतके, अभ्यासकांसाठी इतके. बाकी वेळ अंधार.

आणि या कोट्याची दैनंदिन राखण करतो तो दालनात उभा असलेला आपला स्वयंसेवक. त्याच्याकडे लक्समीटर असतो, हातात पडद्याची दोरी. ढग आले की पडदा थोडा वर, ऊन पडलं की खाली. सूर्य पूर्वेच्या खिडक्यांवरून दक्षिणेकडे सरकतो, तसतशी घरातली माणसं खोलीखोलीतून पडदे सरकवत त्याच्यामागून जातात. खिडकीच्या काचांवर अतिनील किरण अडवणारी पातळ फिल्म असते, पण दिसणारा उजेडही रंग मोडतोच, त्यामुळे दोरीला पर्याय नाही. कुठेतरी कोपऱ्यात एक इवलीशी निळी लोकरपट्टीही टांगलेली असते. ही खास निळ्या रंगात रंगवलेली लोकर किती उजेडात किती फिकी होते, ते आधीच मोजून ठेवलेलं आहे. हंगामाच्या शेवटी ती पट्टी तपासणीला जाते आणि त्या कोपऱ्याने वर्षभरात किती उजेड खाल्ला याचा हिशेब देते. ना बॅटरी, ना तार. फिकं होणं हेच तिचं काम.

हे सगळं आधुनिक विज्ञान आहे असं वाटतंय ना? मग सुझॅना व्हॉटमनला भेटा. केंटमधल्या एका नामांकित कागद कारखानदाराची ही पत्नी. तिने 1776 मध्ये आपल्या नोकरांसाठी घरकामाच्या सूचनांची वही लिहायला घेतली. त्यात ती बजावते की अमुक खोलीत ऊन अमुक वेळी येतं, तेव्हा तिथले पडदे ओढलेले असले पाहिजेत. दिवसभर, खोलीमागून खोली, सूर्याच्या आधी पोहोचायचं. लक्स हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी एका गृहिणीने नुसत्या निरीक्षणातून तो नियम ओळखला होता. आजचे स्वयंसेवक अडीचशे वर्षांपूर्वीच्या मोलकरणींचीच पावलं चालत असतात.

आता डोळ्यांचं. बाहेरच्या बागेतल्या उन्हातून पाहुणा 50 लक्सच्या दालनात येतो तेव्हा त्याला काय दिसतं? काही नाही. म्हणून या घरांत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न ‘बेसने चार लग्नं का केली?’ हा नसून ‘इथे इतका अंधार का?’ हा असतो. डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण मागच्या पडद्याला अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला 20 ते 30 मिनिटं लागतात. शिवाय साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. भिंग पिवळसर होतं, बाहुली पूर्ण उघडत नाही. म्हणून शहाणी घरं पाहुण्यांची वाट आखतानाच उजेडाला उतार देतात. आधी थोडी उजळ दालनं, मग मंद, मग अगदी मंद. जिन्यात, बोळात दोन मिनिटं रेंगाळायला लावणारा एखादा गप्पिष्ट स्वयंसेवक भेटला, तर तो तुमच्या डोळ्यांना वेळ मिळवून देत असतो.

उजेडानंतर धूळ. ही आपण बरोबर घेऊन येतो. पाहुण्यांनी गजबजलेल्या घरातल्या धुळीचा मोठा वाटा असतो तो कपड्यांच्या तंतूंचा आणि माणसांच्या त्वचेच्या कणांचा. बेसच्या पलंगावर बसलेली धूळ म्हणजे कालचे पाहुणे! ब्रिटनमधल्या अशा घरांत याची चक्क मोजदाद झालीये. वाटेपासून दर मीटरमागे खाली बसणारी धूळ साधारण निम्मी होते. तेव्हा पाहुण्यांसाठी बांधलेली ती जाड दोरी फक्त हात लावू नये म्हणून नसते. दोरी एक मीटर मागे सरकवली की पलंग निम्म्याच वेळा झाडावा लागतो.

झाडला तर बिघडलं कुठे? तिथेच तर सगळं अडतं. प्रत्येक साफसफाई वस्तूचा कणभर अंश घेऊन जाते. आपल्याला रोज फडका मारायची सवय. इथे नव्या माणसाला पहिली शिकवण असते ती हात आवरण्याची. गरज असेल तेव्हाच, लागेल तेवढंच. पण फार उशीर करूनही चालत नाही, कारण दमट हवेत धुळीचे कण पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतात आणि मग ते काढताना खालचंही निघतं. घाई केली तर झीज, दिरंगाई केली तर चिकटा. या दोहोंमधली वेळ साधायची.

आणि साधायची कशाने? कुंचल्यांनी. राकट कोरीवकामाला डुकराच्या केसांचे, नाजूक लाकडाला आणि चिनी मातीला तट्टाच्या केसांचे, सोन्याच्या मुलाम्याला त्याहून मऊ, बकरीच्या केसांचे. सोन्याचा कुंचला सोन्यालाच, त्याने चुकूनही दुसरं काही झाडायचं नाही, म्हणून प्रत्येकावर खूण. कुंचल्याच्या दांड्यावरची धातूची पट्टी ओरखडा काढू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी. कुंचल्याने धूळ हवेत उडवायची आणि नळीने ती हवेतच टिपायची. नळी वस्तूला लागता कामा नये. नळीच्या तोंडावर बारीक जाळी बांधलेली असते, कशासाठी? मुलाम्याचा एखादा टवका सुटलाच, तर तो पोटात न जाता जाळीवर थांबावा म्हणून. मग तो पाकिटात ठेवून, कुठून निघाला ते लिहून, कारागिराची वाट बघायची.

पायाखालीही तेच. टोकदार टाचेचा बूट घाला आणि हिशेब करा. 60 किलोच्या बाईचं निम्मं वजन एका चौरस सेंटिमीटरवर आलं तरी दाब 30 किलोचा. हत्ती चार टनांचा असला तरी त्याच्या रुंद पावलाखाली एका चौरस सेंटिमीटरवर किलोभरच्या आसपास दाब येतो! चारशे वर्षांच्या लाकडी फरशीला हत्ती परवडेल, ती टाच नाही. म्हणून दारातच बूट बघतात. काही घरांनी तर आणखी कमाल केलीये. मूळ गालिच्याचा हुबेहूब फोटो काढून तो दणकट पायपोसावर छापतात आणि मूळ गालिच्यावरच अंथरतात. तुम्ही गालिच्यावरून चालत असता आणि चालतही नसता.

बेसकडे परत येऊ, कारण पुढच्या शत्रूबद्दल तिने स्वतःच लिहून ठेवलंय. 1601 मध्ये तिने घरातल्या सामानाची यादी करवून घेतली. ही यादी आजही उपलब्ध आहे, आणि त्यातल्या कितीतरी वस्तू त्याच घरात आहेत. ही गोष्टच मला थक्क करते. यादीतली ओळ वाचायची, दालनात जायचं आणि ती वस्तू समोर! त्याच वेळी मृत्युपत्रात बेसने वारसांना बजावलं की हे सामान ओल, कसर आणि इतर नासधुशीपासून जपा. आज संग्रहालयशास्त्राचं पुस्तक उघडलं तरी शत्रूंच्या यादीत ही नावं असतात.

कसर म्हणजे इथे कपडे खाणारा पतंग. खरं तर पतंग काहीच खात नाही, प्रौढ किड्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. खाते ती अळी, आणि काय खाते ते बघा. लोकर, केस, पिसं यांत केराटिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना असे जखडलेले असतात की बहुतेक प्राण्यांना ते पचतच नाही. आपल्या जेवणात केस आला तर तो तसाच बाहेर पडतो. या अळीच्या आतड्यात मात्र ते गंधकबंध तोडणारं खास रसायन चालतं. चिमूटभर जीव, आणि पोटात जगातल्या मोजक्याच जिवांना जमलेली विद्या! घाम, सांडलेलं अन्न यांनी मळलेली लोकर तिला जास्त आवडते. म्हणून दालनात खायला बंदी.

पूर्वी डांबरगोळ्यांचा मारा करत. आता ते बंद झालंय, कारण ती वाफ माणसांनाही बाधते. त्याऐवजी चिकट सापळे असतात, त्यावर मादीच्या गंधाचा थेंब, आणि ठरावीक काळाने सापळ्यात किती नर अडकले ते मोजून लिहायचं. बऱ्याच घरांत हे मोजायचं काम स्वयंसेवक करतात. भिंगाखाली पाय-पंख ओळखत बसलेली माणसं बघून वाटतं, इतिहासाच्या ओढीने आलेली ही मंडळी कीटकशास्त्राच्या वर्गात कधी पोहोचली? लागण झालेलं कापड पॉलिथिनमध्ये लपेटून उणे 30 अंशांत साधारण तीन दिवस गोठवतात. अंडी, अळ्या, सगळ्यांचा कारभार आटोपतो, कापडाला धक्का नाही.

पण गोठवायला नेता न येणाऱ्या वस्तूंचं काय? नॉरफकमधल्या ब्लिकलिंग हॉलमध्ये 2021 साली ट्रस्टने एक प्रयोग केला. या घरात रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने भेट दिलेली एक टॅपेस्ट्री आहे, आणि पतंगांचा उपद्रव वाढत चालला होता. त्यावर उपाय म्हणून सोडल्या सूक्ष्म गांधीलमाश्या! आकार अर्धा मिलिमीटर, डंख नाही, डोळ्याला दिसणं मुश्कील. ही माशी पतंगाचं अंडं शोधते आणि त्याच्या आत आपलं अंडं घालते. पतंगाची अळी निघायच्या ऐवजी नवी माशी निघते. पतंगाची अंडी संपली की माश्यांनाही पुढची पिढी वाढवता येत नाही. त्या मरून धुळीत मिसळतात आणि बकरीच्या केसांचा कुंचला त्यांना झाडून नेतो. दिवाणखान्यात माश्या पाळून गालिचे वाचवायचे, ही कल्पना बेसलाही आवडली असती.

तिच्या यादीतला पहिला शत्रू, ओल. लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. हे वारंवार झालं की फळ्या तडकतात, मुलामा सुटतो. हवा फार दमट झाली तर बुरशी. म्हणून सापेक्ष आर्द्रता साधारण 50 ते 65 टक्क्यांमध्ये राखायची. कशी? थंड हवा जराशी तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ती तुलनेने कोरडी ठरते. म्हणून या घरांत हीटर असतो, पण त्याचं बटण तापमापकाकडे नसतं, आर्द्रतामापकाकडे असतं. पावसाळी उन्हाळ्यात तो चालू होऊ शकतो आणि कडक, कोरड्या थंडीत बंद! माणूस कुडकुडला तरी हीटरला पत्ता नाही, तो पलंगाच्या तब्येतीसाठी बसवलाय. स्वयंसेवक दोन-दोन स्वेटर घालून उभे असतात ते यासाठी.

आणि आग. हंगाम सुरू होताना आगीचा सराव होतो, आणि त्यात घर रिकामं करायचा एक क्रमही ठरलेला असतो. माणसं आधी, मग कोणत्या खोलीतून कोणती वस्तू आधी उचलायची याची यादी. हे कागदी घोडे नव्हेत. 30 ऑगस्ट 1989 रोजी ससेक्समधल्या अपपार्क या घराच्या छपरावर दुरुस्ती संपत आली असताना आग लागली. माणसांनी साखळी करून चित्रं, खुर्च्या, पडदे हातोहात बाहेर काढले. वरचे मजले गेले, पण तळमजल्यावरचं बहुतेक सामान वाचलं. पुढे तिथला राडारोडा हजारो डब्यांत भरून चाळला गेला, कोरीवकामाचा एकेक तुकडा वेचला गेला, आणि 1995 मध्ये घर पुन्हा उघडलं.

गिडियनच्या 13 पडद्यांची दुरुस्ती 1999 मध्ये सुरू झाली. एकेक पडदा उतरवायचा, धुलाईसाठी बेल्जियमला पाठवायचा, मग ब्लिकलिंगमधल्या ट्रस्टच्या कार्यशाळेत मागून लिननचा आधार देऊन टाक्यामागून टाका घालत न्यायचा. एकेका पडद्याला वर्षांमागून वर्षं गेली. शेवटचा पडदा 2023 मध्ये भिंतीवर परत लागला. एकूण 24 वर्षं आणि सुमारे 17 लाख पौंड. ज्यांनी पहिला टाका घातला त्यांतल्या काहींना शेवटचा टाका दुसऱ्याच्या हातून पडलेला बघावा लागला. आता ते 13 पडदे बेसच्या लांबलचक दालनात पुन्हा एकत्र आहेत, आणि खिडकीशी उभं राहून दोरी खाली-वर करणारा माणूस ती 24 वर्षं खर्च होऊ नयेत म्हणून उभा आहे.

कधी इंग्लंडात मुलाबाळांकडे गेलात तर मार्च ते ऑक्टोबरमध्ये असं एखादं घर जरूर बघा, आणि दालनातल्या त्या माणसाला ‘इतका अंधार का?’ असं जरूर विचारा. तो आनंदाने सांगेल. पण त्यासाठी इंग्लंडला जायलाच हवं असं नाही. आजीची पैठणी कपाटात असेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, वर्षातून दोन-तीनदा उलगडून घडीच्या रेघा बदला. तिला वारा द्या, ऊन नको. आणि पणजोबांचा फोटो ज्या भिंतीवर आहे तिथे दुपारी ऊन कुठवर येतं ते या रविवारी एकदा बघा. फोटोपर्यंत येत असेल तर खिळा दुसऱ्या भिंतीवर ठोका.